मेमध्ये बार उडवून टाकू

हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नाही. नवऱ्याला नाही, मुलाला तर नाहीच. बँकेत एका माणसाला थोडंसं ठाऊक होतं, तो बदली होऊन गेला. आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला — नाही, तिच्यापाशी मागाहून येते. एकदम तिच्यापाशी पोचले तर मधलं सांगायचं राहून जाईल. आणि मधलंच तर सांगायचं आहे.

मी सांगलीची. लग्न होऊन लखनऊला आले त्याला तीसेक वर्षं होत आली. एका सरकारी बँकेत राजभाषा अधिकारी आहे. म्हणजे काय, हे प्रत्येकाला समजावून सांगावं लागतं. इंग्रजी परिपत्रकांचं हिंदी करायचं, हिंदी पंधरवड्यात स्पर्धा घ्यायच्या, नव्याने लागलेल्या पोरांना टिप्पण लिहायला शिकवायचं. मराठी बाईनं लखनऊवाल्यांना हिंदी शिकवावी, याचं सगळ्यांना कौतुक होतं, आणि खरं सांगायचं तर मला जरा जास्तच होतं. माझा एक ठरलेला तास असायचा, मुहावऱ्यांवरचा. शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करू नका, वाक्प्रचाराचा जीव शब्दांत नसतो, हे मी त्या तासाला सांगायची. कुणी 'नाक में दम करना'चं सरळसोट भाषांतर करून आणलं की भर वर्गात त्याची खिल्ली उडवायची.

हे का सांगतेय? तर पुढे जे झालं ते अज्ञानातून झालं असं म्हणायची सोय मला नाही, म्हणून.

मृणाल आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत भेटली. बार्शीची पोरगी, तिशीच्या आतली. एका लहानशा हिंदी न्यूज पोर्टलमध्ये बातमीदार होती आणि जानकीपुरममध्येच, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून, पेइंग गेस्ट म्हणून राहायची. रविवारी आमच्याकडे जेवायला यायची. दारातूनच विचारायची, "काकू, आमटी आहे ना?" आमचा ओजस मराठी समजतो, पण उत्तर हिंदीत देतो. ती त्याला मुद्दाम मराठीतच विचारायची आणि मराठीत उत्तर आल्याशिवाय भाजीचं भांडं पुढे सरकवायची नाही. आई-वडील लहानपणीच गेलेले, मामानं वाढवलेली. पालीला इतकी घाबरायची की भिंतीवर पाल दिसली तर खुर्चीवर उभी राहायची. पत्रकार म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर कोण येतं कुणास ठाऊक — ती तशी अजिबात नव्हती.

मलिहाबादच्या बाजूला एका खेड्यातला मजूर. आंब्याच्या बागेत राखणीला होता. चोरीच्या संशयावरून त्याला चौकीत नेलं आणि दुसऱ्या दिवशी घरच्यांच्या ताब्यात त्याचं प्रेत दिलं. कागदावर हृदयविकार. मृणाल त्या गावात गेली. प्रेताला आंघोळ घालणाऱ्या भावाशी बोलली, त्यानं पाठीवर काय पाहिलं ते लिहून घेतलं, बायकोचं बोलणं चित्रित केलं आणि छापलं. पोर्टलच्या मालकाला फोन आले. त्यानं तिला ती बातमी काढायला सांगितली. तिनं काढली नाही, उलट दुसरी लिहिली. त्या रविवारी ती आमच्याकडे आली होती. जेवताना एवढंच म्हणाली, "काकू, त्या बाईनं माझा हात सोडलाच नाही हो."

पुढच्याच आठवड्यात सकाळी तिला खोलीवरून उचललं. अफवा पसरवणं, समाजात तेढ माजवणं — आणि मग हळूहळू कलमं वाढत गेली. थंडी सरत आली होती. आमच्या घरी टीव्ही चालू होता, तिचा फोटो दाखवत होते. नवरा म्हणाला, "आपण यात पडायचं नाही." मी पडले नाही. कुणाला फोन केला नाही, वकिलाचं नाव काढलं नाही, तिला कपडे पोचवले नाहीत. पण माझी चूक ही नव्हे. हे तर सगळ्यांनीच केलं. मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिचं नाव कुणी काढलं नाही, तिळगुळाच्या कार्यक्रमाचे राहिलेले फोटो टाकत बसले. मी त्यांच्यातलीच एक असते तर आज हे लिहायला बसले नसते.

आमच्या झोनल ऑफिसातून निरोप आला, साहेबांनी बोलावलंय. साहेबांच्या केबिनमध्ये साध्या कपड्यातले दोघं होते. साहेब मोठ्या उत्साहात म्हणाले, "हमारी मैडम हैं ना, मराठी मातृभाषा है, हिंदी में तो इनसे अच्छा कोई है ही नहीं।" पोलिसांना मराठी वाचणारं माणूस हवं होतं. एका आरोपीच्या फोनमधले मेसेज. मी त्यांच्याबरोबर गेले.

नाही म्हणता आलं असतं का? आलं असतं. आजारी आहे, जमणार नाही, मला भीती वाटते — काहीही. मी पर्स उचलली आणि गेले. गाडीत बसेपर्यंत मला कळलेलं होतं आरोपी कोण ते. लखनऊत मराठीत मेसेज करणारी दुसरी आरोपी कुठून येणार?

अधिकारी तरुण होता. माझ्या ओजसपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असेल. फार अदबीनं वागला. खुर्ची पुढे केली, चहा मागवला. समोर छापून काढलेले मेसेज ठेवले. पिवळ्या शाईनं काही ओळी रंगवलेल्या होत्या. म्हणाला, "बस ये पीले वाले, मैडम। बाकी रहने दीजिए।"

बार्शीच्या मामानं भाचीला पाठवलेले मेसेज होते. पिवळ्या रंगातलं मी जसंच्या तसं सांगते, मला ते पाठ आहे. 'तुझं ते मलिहाबादचं काम एकदाचं उरकू दे. मग मेमध्ये बार उडवूनच टाकू. माणसं मी जमवतो, जागा बघून ठेवलीय. तू फक्त आता माघार घेऊ नकोस.'

तुम्ही मराठी आहात. तुम्हाला कळलं. वाचताक्षणी कळलं, नाही का? मलाही तितक्याच वेळात कळलं. आणि तरी शंका घ्यायला जागा असेल असं कुणाला वाटत असेल तर — खालची ओळ. तिला रंग नव्हता लावलेला. 'तुझ्या आईच्या मुंडावळ्या मामीनं जपून ठेवल्यात.'

मी ती ओळ वाचली.

अधिकाऱ्यानं विचारलं, "ये 'उडवून' तो समझ गए, उड़ा देंगे। ये बार क्या है? दारू वाला बार?"

लग्न. एक शब्द. 'शादी, साहब, शादी की बात है।' एवढं म्हणायचं होतं. मराठीत लग्नाचा बार उडवतात, पोलीससाहेब, दणक्यात लग्न लावणे असा त्याचा अर्थ आहे — माझा रोजचाच तास होता तो. मी काय म्हणाले? मी म्हणाले, "बंदूक में जो बारूद भरते हैं ना, मराठी में उसे भी बार कहते हैं।"

खोटं नव्हतं. शब्दकोशात आहे. मी खोटं बोललेच नाही — याच गोष्टीची मला अजून चीड येते. मी खोटं बोलले असते तर ते निदान पकडता आलं असतं.

त्यानं सहकाऱ्याकडे पाहिलं. मग फार हळू विचारलं, "मतलब, मई में विस्फोट?"

"शब्दशः तो यही होगा," मी म्हणाले.

कागद माझ्यापुढे सरकवला. माझ्या वळणदार अक्षरात मी लिहिलं — मई में विस्फोट कर ही देंगे. आदमी मैं जुटा लूँगा. जगह देख रखी है. बँकेत माझ्या अक्षराची तारीफ व्हायची. त्यानंही केली.

का केलं? मी स्वतःला हे इतक्या वेळा विचारलंय की आता प्रश्नच गुळगुळीत झालाय. ओजसला तेव्हा केंद्र सरकारची नोकरी लागली होती, पोलीस व्हेरिफिकेशन व्हायचं होतं. पण त्या माणसानं त्याचं नावसुद्धा काढलं नाही. धमकी नाही, इशारा नाही, आवाज चढवला नाही. दिली असती धमकी तर आज सांगायला काहीतरी असतं. व्हेरिफिकेशन मलाच आठवलं. कुणी न घाबरवता मी घाबरले. आणि नुसती घाबरलेही नाही — हे सांगायला लाज वाटते, पण तेच खरं आहे — 'बारूद' म्हटल्यावर त्याच्या तोंडावर जे आलं ना, ते मला आवडलं. त्याला हवं होतं ते माझ्याकडे निघालं होतं. वर्गातल्या हुशार मुलीला बरोबर उत्तर दिल्यावर वाटतं तसं मला वाटलं. एका पोरीच्या गळ्यात फास अडकवताना मला शाबासकी हवी होती.

"आपका नाम कहीं नहीं आएगा, मैडम," तो दारापर्यंत सोडायला आला तेव्हा म्हणाला. आणि त्यानं शब्द पाळला. तो मजकूर टाइप होऊन आणि खाली दुसऱ्याच कुणा भाषांतरकाराची सही होऊन कोर्टात गेला. ज्यानं सही केली त्याला मराठी येत होती की नाही, देव जाणे.

जामीन फेटाळला. दुसऱ्या दिवशी बँकेत टेबलावर पेपर पडला होता. मे महिन्यात स्फोटाचा कट, मामा सूत्रधार. शेजारच्या टेबलावरच्या श्रीवास्तवजींनी विचारलं, "आपके यहाँ की है ना, मैडम? जानती थीं?"

मी म्हटलं, "नहीं, बस सुना है।"

आणि त्या मजुराचं काय झालं? हेच तर. तो कशानं मेला हे विचारणं त्या दिवसापासून बंद झालं. त्याची बायको, त्याच्या पाठीवरचे वळ, ती चौकी — सगळं मागे पडलं. चॅनेलवर चर्चा एकाच वाक्याची. माणसं कोण, जागा कुठली, माल कुठून येणार होता. पोर्टलच्या मालकानं दोन्ही बातम्या काढून टाकल्या आणि महिन्याभरात दुकान बंद केलं. मला वाटायचं माझ्या वाक्यानं एकटी मृणाल आत गेली. तसं नव्हतं. तो मेलेला माणूस त्याच वाक्याखाली दुसऱ्यांदा गाडला गेला.

उन्हाळ्यात मामा लखनऊला आला. दत्तामामा. बार्शीत त्याचा मंडपाचा धंदा. पोलिसांनी त्याला आधीच दोनदा चौकशीला बोलावून, आणून, परत पाठवलं होतं; पेपरात सूत्रधार तो, पण त्यांना हवी होती मृणाल. मंडळातल्या कुणीतरी आमचा पत्ता दिला — नाही, हेही खरं नाही. पत्ता मृणालनं दिला होता. जेलमधल्या भेटीत ती त्याला म्हणाली होती, काकूंकडे जा.

ठेंगणा, पांढरी मिशी, शर्टाच्या खिशात चष्मा. उन्हातून आला होता. मी पाणी दिलं, जेवायला वाढलं. तो जेवत नव्हता, पोळीचे तुकडे करत होता.

"ताई, आमच्या धंद्यात रोजचा शब्द आहे हो," तो म्हणाला. "गिऱ्हाईक आलं की आम्ही पहिलं तेच विचारतो, बार कधी उडवताय. मी तिच्यासाठी हॉल बघून ठेवला होता, त्याला मी जागा म्हटलं. माणसं म्हणजे वाढपी. हे मी त्यांना सांगतोय, तर ते हसतात."

मी त्याच्या वाटीत आमटी वाढली.

"मुलगा शाळेत मास्तर होता. मृणालच मागे-पुढे करत होती, म्हणून लिहिलं की माघार घेऊ नकोस. आता त्या लोकांनीच घेतली." त्यानं पाण्याचा घोट घेतला. "वकीलसाहेब म्हणतात, दोन्ही भाषा जाणणाऱ्या कुणी अधिकारी माणसानं लिहून दिलं पाहिजे. की बार उडवणे म्हणजे लग्न करणे. तुमचा शिक्का असला तर जज ऐकेल. मृणालनं तुमचंच नाव घेतलं."

"बँकेची परवानगी लागेल," मी म्हणाले.

"लागू दे की. विचारा तुम्ही. मी थांबतो इथं, धर्मशाळेत उतरलोय."

"विचारते."

मग त्यानं मान वर केली. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, खरंच त्याला कोडं पडलं होतं. "एक बरंय, भाषांतर करणारा मराठी नसणार. मराठी माणसाच्या हातून हे होणार नाही. काय?"

इथे. इथेच, हाच तो क्षण. पोलिसांपुढे घाबरले म्हणा, पण या माणसापुढे मला कशाची भीती होती? स्वयंपाकघरात पंखा फिरत होता, नवरा ऑफिसला, मुलगा ट्रेनिंगला. आम्ही दोघंच. त्यानं मला मारलं नसतं. कदाचित ओरडलासुद्धा नसता. आणि मी लिहून दिलं असतं तर — त्या कागदावर मी लिहून दिलं असतं की पहिलं भाषांतर माझं, ते चुकीचं, आणि मी ते जाणूनबुजून केलं — तर त्या महिन्यातच ती सुटली असती. निदान शक्यता होती.

"नसेलच," मी म्हणाले. आणि त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

बँकेत मी विचारलं नाही. कुणालाच नाही. त्याचा फोन आला तेव्हा साहेब रजेवर आहेत म्हणून सांगितलं. पुन्हा आला तेव्हा मुंबईला विचारावं लागेल म्हटलं. मग मी फोन उचलायचं बंद केलं. तो परत गेला. जाताना वॉचमनकडे माझ्यासाठी बार्शीहून आणलेली शेंगाचटणी ठेवून गेला.

शेवटी सोलापूरच्या एका कॉलेजातल्या प्राध्यापकांनी लिहून दिलं. ते खाजगी माणसाचं मत म्हणून सरकारी वकिलांनी महिनोन्‌महिने अडवलं. वरच्या कोर्टानं जामीन दिला तोवर मृणालला आत वर्ष उलटून गेलं होतं. मामाकडे लोक मंडप सांगेनासे झाले होते. ज्याच्या दारात दुसऱ्या राज्याचे पोलीस येतात त्याच्याकडून लग्नाचा मांडव कोण घालून घेणार? मास्तरचं लग्न दुसरीकडे झालं. आमच्या ओजसचं व्हेरिफिकेशन त्याआधीच बिनबोभाट पार पडलं होतं. तो आता मोठ्या गावात आहे, छान आहे.

तुम्हाला वाटेल, संपलं. नाही. खटला चालूच आहे. जामिनावर असली तरी तारखेला तिला लखनऊला यावंच लागतं. आणि ती उतरते कुठे? आमच्याकडे. मामाला दुसरं कुणी ओळखीचं नाही, आणि मी त्याला एकदा जेवायला घातलंय. दोन-तीन महिन्यांनी ती येते, ओजसच्या खोलीत झोपते, सकाळी आवरून कोर्टात जाते, संध्याकाळी परत येते. जज रजेवर. फाइल आलेली नाही. साक्षीदार गैरहजर. इतक्या लांबून येऊन दुसरी तारीख घेऊन जायची. हे कुणाच्या डोक्यात शिरत नाही, की तिला शिक्षा रोजच चालू आहे? शिरतं की. माझ्या डोक्यात शिरतं. मी तिच्यासाठी आमटी करते. ती खाते, पण मागत नाही. ओजस सुट्टीवर असला तर त्याच्याशी हिंदीतच बोलते. आता ती लिहीत नाही. मामाच्या गोदामात पडद्यांना शिलाई मारते. मलिहाबादच्या त्या बाईचा नंबर तिच्याकडे अजून आहे, पण लावत नाही. म्हणते, माझ्या फोनमुळे तिला आणखी त्रास व्हायचा.

मागच्या खेपेला आम्ही दोघी मटार सोलत बसलो होतो. ती एकदम म्हणाली, "काकू, तो भाषांतरवाला साक्षीला येईल ना कधीतरी? मला त्याला एकच विचारायचंय. त्यानं खालची मुंडावळ्यांची ओळ वाचली होती का."

"वकिलाला विचारू दे," मी म्हटलं. "तू नको मनाला लावून घेऊस."

"नाही, वाचली नसेल तर ठीक आहे," ती म्हणाली. "चुकतो माणूस. वाचली असेल तर मात्र मला त्याचं तोंड बघायचंय."

मी शेंगा सोलत राहिले. ती माझ्या तोंडाकडे बघतच होती की.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीला निघताना तिनं पिशवी खांद्याला लावली आणि नेहमीसारखी वाकून नमस्कार केला. मी पाय मागे घेतले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सुखी राहा."